लिहिलेले चित्र : वारली चौक आणि कारागिराच्या प्रेरणेचा प्रश्न

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार इत्यादी तालुक्यांत वस्ती करून असलेल्या वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक करण्याची चाल आहे. शहरी मराठीत ह्या कृतीस 'चौक काढणे' असे म्हटले जाईल. जुन्या धाटणीने बोलणारा एखादा 'चितारणे' हे क्रियापद वापरील. वारली बोलीत मात्र चौक 'लिहितात'. ज्या सवाशिणी तो करतात त्या चौक लिहिणाऱ्या होत. आणि ज्यांनी आयुष्यात पाटीला हात लावलेला नाही अशा स्त्रियांच्या बाबतीतही हेच क्रियापद निरपवादपणे योजिले जाते. हस्तकारागिरांच्या प्रेरणेविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते, परंतु कारागीर आपल्या कृतीला कोणते क्रियापद लावतो इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात ह्या एका क्रियापदाच्या आधारे वारली चित्रकलेच्या गेल्या अर्धशतकातील स्थित्यंतराकडे पाहिले आहे.

अक्षरज्ञान नसलेल्या माणसाने 'लिहिणे' हा शब्द लेखनावरून उसना घेतला असावा, अशी समजूत सहज होण्यासारखी आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. संस्कृत 'लिख्' धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, खरवडणे, रेघ ओढणे असा आहे. अक्षरे लिहिणे हा त्याचा अर्थ पुढे, लिपी रूढ झाल्यावर, त्याला चिकटला. 'रेखा', 'लेखा', 'आलेख्य' हे शब्द त्याच कुळातील असून 'आलेख्य' म्हणजे चित्र. कालिदासाच्या मेघदूतातील यक्ष आपल्या प्रियेचे चित्र शिळेवर धातुरंगाने काढतो. तेथे कवीने योजिलेले क्रियापद ह्याच धातूपासून आलेले आहे आणि त्याचे रंगद्रव्यही वारली भिंतीवरील गेरूच्याच जातीचे, म्हणजे खनिज आहे. प्राकृतातील 'लिह' ह्या रूपातून मराठीत 'लिहिणे' आले. 'चित्रलिखित' ह्या समासात जुना अर्थ आजही शाबूत आहे, मात्र तो समास आता पुस्तकातच सापडतो. ग्रीक 'ग्राफेइन' ह्या क्रियापदाची कथा अशीच आहे, आणि इंग्रजीतील 'राइट' हे क्रियापद जर्मन 'रिट्झेन' म्हणजे ओरखडणे ह्याच्या नात्यातले आहे. तेव्हा प्रमाण मराठीने जो अर्थ शाळेच्या पाटीवर संकुचित केला, तो वारली बोलीने भिंतीवर राखून ठेवला आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात वारलीची गणना मराठीच्या बोलींत केली आहे. ज्यांना हे वर्गीकरण मान्य नाही, जे तिला भिल्ली बोलींकडे ओढतात, त्यांनाही हा मुद्दा आडवा येत नाही, कारण भिल्ली प्रदेशातही हाच प्रयोग आढळतो. तो पुढे येईल.

चौकाचे विधान थोडक्यात असे. घराची भिंत कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्यांची व वरून माती-शेणाने सारवलेली. तिच्यावर गेरूचा हात देऊन तांबडी पार्श्वभूमी तयार करतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग करतात आणि बांबूच्या काडीचे टोक चघळून त्याचा कुंचला होतो. मधोमध चौरस, त्याच्या चारी अंगांना साखळीसारख्या व नागमोडी रेघांच्या पट्ट्या, आणि आत पालघट ही देवी. पालघट ही वनस्पतींची व सुफलतेची देवता; हिरवळ जिच्यातून वर उसळते असा घट, ही कल्पना तिच्या नावात व रूपात एकदमच दिसते. तिच्या आसपास फणी, शिडी, सूर्य, चंद्र अशा वस्तू असतात. शेजारी लहानसा देवचौक असतो व त्यात घोड्यावर स्वार झालेला पाचशिऱ्या देव. चौरसाच्या बाहेर मात्र झाडे, जनावरे, शेतात राबणारी माणसे, मासे धरणारे, शिकारी, आणि तारपा वाजविणाऱ्याभोवती फेर धरून नाचणारे असा सगळा गाव पसरलेला असतो. तारपा हे दुधी भोपळा, बांबू व ताडाचे पान ह्यांपासून केलेले फुंकवाद्य होय. माणसाची आकृती म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वरचा त्रिकोण धडाचा, खालचा कमरेचा. दोहोंच्या संधीवर शरीर तोललेले असते, आणि म्हणूनच ती आकृती स्थिर उभी असतानाही आता हलेल असे वाटते.

हे लेखन कोणी करावयाचे ह्याचा नियम कडक आहे. तो अधिकार सवाशिणींचा, म्हणजे ज्यांचे पती हयात आहेत अशा स्त्रियांचा. ('सवाशीण' हे 'सुवासिनी'चेच झिजलेले रूप.) लग्न लावणारी पुरोहितही स्त्रीच असते. तिला धवलेरी म्हणतात, कारण ती धवले गाते. येथे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावयास हवे. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथातील महदंबेने गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्ताने जे 'धवळे' रचिले, त्यांनी मराठीतील स्त्रीकाव्याचा आरंभ झाला असे मानण्यात येते. त्यांचा विषयही रुक्मिणीचे लग्न हाच होय. गुजरातीतील 'धोळ' हा मंगलगीताचा प्रकार त्याच 'धवल' शब्दापासून निघालेला आहे. ग्रंथात जे नाव एका प्राचीन कवितेचे म्हणून उरले, ते डहाणूच्या पाड्यांत एका चालू व्यवसायाचे नाव आहे. लग्नघरात एका बाजूस गाणे व दुसऱ्या बाजूस लिहिणे ही दोन्ही कामे स्त्रियांकडे असून दोन्ही मिळून विधी पुरा होतो; चित्र वेगळे काढून त्याचे कौतुक करावे अशी सोय त्यात नाही.

मग अशा कृतीत करणारीची प्रेरणा ती कोणती? 'प्रेरणा' हा शब्द 'प्र' उपसर्गपूर्वक 'ईर्' धातूच्या प्रयोजक रूपापासून आला आहे. कोणी तरी दुसऱ्याने चालना देणे हा त्याचा वाच्यार्थ. आधुनिक टीकाग्रंथांत ती चालना कलावंताच्या अंतःकरणात शोधण्याचा प्रघात आहे. चौकापुरते बोलावयाचे तर चालना बाहेरून येते, आणि ती चालना म्हणजे लग्न. लग्न नाही तर चौक नाही. ज्या सवाशिणीचा हात चांगला आहे तिला अधिक बोलावणी येतात, तिच्या रेघेची वाखाणणीही होते. पण तिने मनात आले म्हणून पालघट लिहावी असे घडत नाही. ह्या बाह्य चालनेचा एक कठोर भाग विसरता कामा नये. १९४५ पूर्वीच्या काळात लग्नाच्या खर्चासाठी जमीनदार-सावकाराकडून कर्ज काढणारा वारली तरुण त्या कर्जापायी बायकोसह त्याच्या शेतावर राबण्यास बांधला जाई. अशा वेठबिगाऱ्यास 'लग्नगडी' म्हणत. गोदावरी परुळेकर ह्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या १९७० च्या पुस्तकात ह्या प्रथेचे व तिच्याविरुद्धच्या उठावाचे वर्णन आहे. म्हणजे भिंतीवर पिकाची व संततीची देवी लिहिली जात असताना त्याच लग्नाने त्या घरातील दोन माणसे गहाण पडत असत. वारली चित्रांतील आनंदी फेराविषयी जे गोडगोड लिहिले जाते, ते वाचताना हा तपशील जवळ असलेला बरा.

'लिहिणे' ह्या प्रयोगाचे क्षेत्र वारलींपुरते नाही. बिहारमधील मिथिलेत वधूवरांच्या खोलीत जे कोहबराचे चित्र होते, त्या कलेस तेथील स्त्रिया 'लिखिया' म्हणतात. गुजरातेत छोटा उदेपूरच्या परिसरातील राठवा समाजात नवस फेडण्यासाठी घराच्या भिंतीवर पिठोरा देवाचे घोडे लिहिले जातात, व ते लिहिणाऱ्या पुरुषास 'लखारा' अशीच संज्ञा आहे. ह्या तिसऱ्या उदाहरणात रूपक पूर्णत्वास जाते. पिठोरा लिहून झाल्यावर बडवा, म्हणजे देवर्षी, अंगात आलेल्या अवस्थेत भिंतीसमोर उभा राहतो आणि तलवारीच्या टोकाने एकेक आकृती दाखवीत ती कोणाची हे सांगतो. काही राहिले असल्यास ते भरून घेतले जाते. लिहिलेले येथे अक्षरशः वाचले जाते आणि त्याची दुरुस्तीही होते. लखाऱ्याचे कौशल्य चित्र सुंदर झाले की नाही ह्यावर जितके मोजले जाते, तितकेच ते पुरे झाले की नाही ह्यावर मोजले जाते. ज्या मजकुरात शब्द गाळला तर अर्थ बिघडतो, तशा प्रकारची ही कृती आहे. आणि तिला 'लिहिणे' म्हणणारे समाज ते काही अलंकार म्हणून म्हणत नाहीत.

मिथिला व वारली ह्यांचा संबंध केवळ शब्दसाम्याचा नाही, तर एका व्यक्तीद्वारे तो प्रत्यक्ष घडून आला. मिथिलेतील भित्तिचित्रांकडे बाहेरच्यांचे लक्ष प्रथम १९३४ च्या भूकंपानंतर गेले. त्या वेळी तेथे अधिकारी असलेल्या डब्ल्यू. जी. आर्चर ह्याला पडझड झालेल्या घरांच्या आतल्या भिंती उघड्या दिसल्या, व त्याने पुढे १९४९ मध्ये 'मार्ग' ह्या कलाविषयक नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी ह्यांना तिकडे पाठविले. जितवारपूर व आसपासच्या गावांतील स्त्रियांना त्यांनी कागद दिले आणि भिंतीवरचे कागदावर लिहिण्यास सांगितले. दुष्काळातील मिळकतीचे साधन एवढाच त्यामागे तात्कालिक हेतू होता. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावे त्यातूनच देशाला ठाऊक झाली. हेच कुलकर्णी १९७० च्या दशकाच्या आरंभी डहाणू तालुक्यातील गंजाड येथे आले, आणि तेथेही कागद पुढे केला गेला.

बाहेरून आलेला माणूस एक, साधन एक, पण परिणाम भिन्न झाला. मिथिलेत कागदावरची कला मुख्यतः स्त्रियांच्याच हाती राहिली. वारलींमध्ये कागद हाती घेऊन पुढे आला तो जिव्या सोमा म्हसे हा पुरुष, आणि त्याच्यामागून आलेले बहुतेक नामांकित चित्रकार पुरुषच आहेत. ह्याचे कारण म्हणून स्त्रियांचा संकोच, बाजाराशी पुरुषांचा अधिक संबंध इत्यादी गोष्टी सांगण्यात येतात, आणि त्या खोट्या नाहीत. परंतु संकोच मिथिलेतील स्त्रियांनाही होता. अधिक समाधानकारक उत्तर चौकाच्या रचनेतच मिळते. चौरसाच्या आतील भाग हा विधीचा; त्यावर सवाशिणींचा अधिकार, आणि लग्नाविना तो लिहिणे अप्रस्तुत. बाहेरचा गाव, रान, शिकार व नाच हा भाग तसा मोकळा. कागदावर आले ते मुख्यत्वेकरून हे बाहेरचे जग. मधला चौरस व त्यातील पालघट पुष्कळदा गळून गेली आणि समास वाढत वाढत साऱ्या पानाचा धनी झाला. जो भाग लिहिण्यास सवाशीणपण लागत नव्हते, तो पुरुषाने लिहिण्यास आडकाठी राहिली नाही. मिथिलेच्या कोहबरात मध्य व समास अशी काटेकोर फाळणी ह्या प्रकारे नाही. म्हणून तेथील स्त्रियांनी विधीचे मुख्य चित्रच कागदावर उतरविले. हा तर्क सर्व उदाहरणांना लागू पडेल असे नाही, कारण पालघट लिहिणारे पुरुष चित्रकारही आज आढळतात. पण आरंभ कसा झाला ते त्यामुळे उलगडते.

जिव्या सोमा म्हसे ह्यांच्याविषयी जे नमूद आहे ते ह्या संदर्भात अर्थपूर्ण आहे. त्यांचा जन्म १९३४ च्या सुमाराचा. बालपणीच आई गेली, आणि त्यानंतर काही वर्षे हा मुलगा बोलत नसे. धुळीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगे. ज्याच्या बाबतीत रेघ ही बोलण्याच्या जागी आली, त्याने चौकाची वाट न पाहता लिहावे ह्यात नवल नाही. येथे प्रेरणेची दिशा बदललेली दिसते. बाहेरच्या प्रसंगावाचून, स्वतःच्या सांगण्याच्या गरजेतून चित्र निघू लागले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे मांडली गेली, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या 'माजिसिअँ द ला तेर' ह्या प्रदर्शनात मिथिलेच्या बौआ देवींप्रमाणे त्यांनाही निमंत्रण होते, व २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते वारले. त्यांच्या चित्रांचे विषय पाहिले तर मासे पकडण्याचे जाळे, भाताची शेते, मुंग्यांच्या रांगा, गावात सांगितल्या जाणाऱ्या कथा असे दिसतात. जाळ्याच्या चित्रांत तर जवळजवळ सारा कागद बारीक रेघांनी विणलेला असतो, आणि माणूस कोपऱ्यात. काडीचा कुंचला त्यांनी सोडला नाही. मात्र तांदळाचे पीठ कागदावर वा कापडावर टिकत नाही, तेव्हा शेणाने सारवलेल्या कापडावर विकतचा पांढरा रंग आला. भिंतीवरचे पीठ झडून जावे व पुढच्या लग्नाला पुन्हा लिहावे असा जो क्रम होता, तो येथे संपला. चित्र टिकू लागले, म्हणून ते विकता येऊ लागले, म्हणून त्याखाली सही आली.

सहीमुळे जो प्रश्न उभा राहिला तो निव्वळ कायद्याचा वाटतो, पण त्याच्या तळाशी पुन्हा शब्दच आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात चित्रकारालाही 'ऑथर' हीच संज्ञा लाविली आहे; अर्थात् शब्दशः घेतल्यास चित्राचा तो लेखक. लंडनच्या वकिली भाषेतून आलेली ही योजना आणि धवलेरीच्या घरातील क्रियापद अशा विचित्र रीतीने एके ठिकाणी येतात. परंतु अधिनियमाला अभिप्रेत असलेला लेखक एकटा असतो. त्याचा हक्क त्याच्या हयातीपर्यंत व नंतर साठ वर्षे चालतो. दोन त्रिकोणांचा माणूस, तारप्याचा फेर, पाचशिऱ्याचा घोडा ह्यांचा असा एकटा लेखक दाखविता येत नाही. २०१४ मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक संकेताची नोंदणी मिळाली, ती ह्याच अडचणीवरचा उपाय म्हणून. १९९९ च्या त्यासंबंधीच्या अधिनियमान्वये हक्क व्यक्तीस न जाता प्रदेशाशी निगडित उत्पादकांच्या समुदायास जातो. एक कायदा म्हसे ह्यांचे जाळे ओळखतो पण त्रिकोणी माणूस ओळखत नाही. दुसरा त्रिकोणी माणूस ओळखतो पण म्हसे ह्यांना ओळखत नाही. स्वतंत्र वारली चित्रकार ह्या दोहोंच्या मध्ये उभा आहे, आणि त्याच्या पोटाचा प्रश्न ह्याच फटीत आहे. कपबशा, पडदे, चादरी, भिंतीवरील जाहिराती ह्यांवर छापलेले फेर सहसा त्याने काढलेले नसतात.

शहरी मराठीने ह्या बाबतीत आपले क्रियापद बदलले आहे तेही पाहण्यासारखे आहे. हौशी मंडळींच्या बोलण्यात 'मी वारली पेंटिंग करते', किंवा नुसतेच 'मी वारली काढते', असे वाक्य येते. लिहिणे गेले, नामाला 'करणे' जोडून केलेले, कोणत्याही छंदाला चालणारे क्रियापद आले. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे 'वारली' हा शब्द माणसांचे नाव न राहता शैलीचे नाव झाला. 'पैठणी' म्हटल्यावर पैठणचा माणूस कोणास आठवत नाही, हे खरे; पण पैठणी हा वस्तूसाठीच घडलेला शब्द आहे. येथे जिवंत समाजाचे नाव वस्तूला दिले गेले, आणि वाक्यातून माणूस कर्त्याच्या जागेवरून उठून कर्माच्या जागी जाऊन बसला.

गंजाडचेच राजेश वांगड हे पुढच्या पिढीतील चित्रकार. २०१३ पासून छायाचित्रकार गौरी गिल ह्यांच्यासमवेत त्यांनी 'फील्ड्स ऑफ साइट' ह्या नावाने केलेले काम पारंपरिक चौकापासून फार दूर गेले आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. गावच्या परिसराची छायाचित्रे गिल ह्यांनी घ्यावयाची आणि त्यांच्यावर वांगड ह्यांनी शाईने लिहावयाचे, अशी ही योजना. छायाचित्रात जी जागा दिसते ती आजची असते. वांगड ह्यांच्या रेघांनी तिच्यावर तेथे पूर्वी घडलेले, ऐकलेले, अंगावर आलेले असे सगळे भरत जाते. हे काम २०१७ च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनातही मांडले गेले. लग्न येथे नाही, सवाशीण नाही, पालघटही नाही. परंतु आधी जागा सारवून तयार असते, व त्या तयार जागेवर काय राहून गेले आहे ते पाहून ते पुरे करावयाचे असते. ह्या कृतीला 'काढणे' हा शब्द अपुरा पडतो. ह्या चित्रांत दोन त्रिकोणांची माणसे इतकी दाट लिहिलेली असतात की खालच्या छायाचित्रातील डोंगर व झाडे त्यांच्या मधूनमधूनच दिसतात.